सन्मानाआधीची चौकशी

साहेबरावांनी साखरेचा पुडा बांधला, दोरा तोडला आणि दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही असं बघून ते गल्ल्यावरून पुढं वाकले.

"सर, तुमचं काही कोर्टकचेरीचं चालू हाय का?"

"नाही बुवा. का?"

"सकाळी एक माणूस येऊन गेला. राखाडी सफारी, काखेत बॅग. बागवान सर कुठं राहतात म्हणला. मी म्हणलं, ते काय समोरचं घर, पण सर आत्ता घाटावर फिरायला गेलेत. तर म्हणतो, घरी न्हाईत तेच बरं हाय."

रियाज बागवान हसले. "विमा विकणारा असेल."

"विमावाला घरात माणसं किती ते इचारंल. हा वेगळंच इचारून राहिला. सरांकडं बाहेरगावची माणसं येतात का, कुणाशी ऊठबस हाय, कुठल्या सभेत बोलतात का." साहेबरावांनी आवाज आणखी खाली आणला. "मी चांगलंच सांगितलं. पण माणूस सरकारी वाटला, सर. बूट तसे होते."

साखर घेऊन सर घरी आले. रस्ता ओलांडण्यापुरतंच अंतर, पण तेवढ्यात त्यांनी दोनदा मागं वळून पाहिलं.

रियाज बागवान लातूरच्या मन्याड विद्यापीठात शिकले आणि पुढं तिथंच भूगर्भशास्त्र शिकवत त्यांची सगळी नोकरी झाली. किल्लारीच्या भूकंपानंतर त्या पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी कुठं आटलं, कुठं नव्यानं लागलं, याचा त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला होता. विद्यार्थ्यांना घेऊन उन्हातान्हात गावोगाव हिंडले होते. निवृत्त झाल्यावर ते नांदेडला, इतवाऱ्यातल्या आपल्या घरी परत आले. वडिलांची फळांची आडत केव्हाच बंद झाली होती, पण गल्ली तीच होती आणि गल्लीतली लहानथोर माणसं त्यांना 'सर'च म्हणत. रविवारी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पाच-सहा मुलंमुली त्यांच्या माडीवर शिकायला येत. शिकवल्याशिवाय सरांनाच करमत नसे.

बायकोला, दिलशादला, त्यांनी हसत हसत सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. तिचा हात थांबला आणि चेहरा एकदम उजळला.

"अहो, स्थळ असेल!"

"कसलं स्थळ?"

"सुमय्यासाठी. मुलीकडची चौकशी अशीच करतात, गुपचूप, शेजारीपाजारी. माझ्या वेळी तुमच्या मामूंनी आमच्या दूधवाल्याला विचारलं होतं. विसरलात?"

सुमय्या, त्यांची मुलगी, कॉलेजात शिकवायची. ती आतल्या खोलीतून ओरडली, "अम्मी, मला न विचारता कुणी माझी चौकशी करत असेल तर त्याला आत्ताच नक्को म्हणून सांग."

त्या दिवशी घरात हसणंखिदळणं झालं. दिलशादनं तर बैठकीच्या खोलीचे पडदेही धुवायला काढले.

दोन दिवसांनी सर मोईज टेलरच्या दुकानात गेले. संध्याकाळी तिथं स्टुलावर बसून उर्दू पेपर वाचायचा त्यांचा रिवाज होता. त्या दिवशी स्टुलावर कापडाचा गठ्ठा होता. मोईजनं तो उचलला नाही. मशीन थांबवली नाही. सर उभेच राहिले.

"मोईजभाई, तब्येत बरी आहे ना?"

"हौ." मग थोडा वेळ टाके घातल्यावर तो खाली बघतच म्हणाला, "सर, तो माणूस माझ्याकडंपण आला होता. कपाळावर जुनी खोक, मिशी पांढरी पण भुवया काळ्या. माझं नाव, बापाचं नाव, दुकान कधीपासून, सगळं घेतलं त्यानं. मग तुमचं विचारलं. कुठल्या मशिदीत जातात, तिथं काही बोलतात का, कधी पोलिसांत नाव आलं होतं का. वरच्या माडीवर रविवारी कोण पोरं जमतात."

"सुमय्याचं काही विचारलं?"

"नाही. बेटीचं एक लफ्जही नाही."

सर पेपर न वाचताच परतले. दिलशादला ते एवढंच म्हणाले, "पडदे परत लावून टाक." ती समजली.

यासेर, त्यांचा मुलगा, बँकेत होता. रात्री जेवताना त्याला हे कळलं तेव्हा त्यानं ताटातला हात काढून घेतला.

"अब्बा, हे पोलिसांचं काम आहे. साध्या वेशातले असेच येतात."

"माझ्याकडं कशाला येतील? मी काय केलंय?"

"काही केलेलंच असावं लागतं का?" यासेर म्हणाला. मग आवाज खाली आणून, "ती रविवारची पोरं बंद करा काही दिवस. कोण कुठला, कुणाच्या फोनमध्ये काय आहे, आपल्याला माहीत नाही. त्यात एक मुदखेडचा आहे, एक देगलूरचा. उद्या त्यांच्यातल्या एखाद्यानं काही उद्योग केला तर माडी तुमची."

"ती भूजल खात्याची परीक्षा देऊन राहिलीत, यासेर. खडकांचे प्रकार पाठ करतात."

"मला माहीत आहे. त्या माणसाला माहीत नाही."

सर ताट घेऊन उठले. शनिवारी मात्र त्यांनी एकेकाला फोन करून सांगितलं, की तब्येत बरी नाही, काही दिवस येऊ नका. खोटं बोलताना त्यांची जीभ अडखळली. एक मुलगी म्हणाली, "सर, डबा आणून देऊ का?" तेव्हा त्यांनी घाईघाईनं फोन ठेवला. त्या रविवारी ते माडीवर गेलेच नाहीत.

अशा वेळी मन मोकळं करायला त्यांना एकच माणूस होता, वैजनाथ जांबकर. मुखेड तालुक्यातल्या शेतकरी घरातला. विद्यापीठाच्या वसतिगृहात दोघं एका खोलीत राहिले, दोघं तिथंच प्राध्यापक झाले, एक भूगर्भशास्त्रात, एक संख्याशास्त्रात, आणि निवृत्तीनंतर वैजनाथनंही नांदेडलाच घर केलं. रोज सकाळी गोवर्धन घाटावर दोघांची फेरी ठरलेली. वैजनाथ अजून विद्यापीठाच्या दोन-तीन समित्यांवर होता आणि महिन्यातून एकदा लातूरला जायचा.

पण नेमका आठवडाभर वैजनाथ घाटावर आला नव्हता. गुडघा धरलाय म्हणाला होता. आला त्या दिवशी सरांनी त्याला सगळं सांगितलं. सफारीवाला, मोईज, यासेरचं म्हणणं, बंद केलेला रविवार. सांगताना ते नदीकडं बघत होते. सांगून झाल्यावर त्यांनी वैजनाथकडं पाहिलं, आणि त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

वैजनाथला नवल वाटलेलं नव्हतं.

तो मूळचा तापट माणूस. असं काही ऐकलं की 'कोण हाय तो भामटा, चल दाखव' म्हणून उठणारा. तो पायातल्या बुटाची लेस बांधत होता. लेस सुटलेली नव्हती.

"जाऊ दे रे," तो म्हणाला. "लई मनावर घेऊ नको. होईल सगळं नीट."

"काय नीट होईल?"

"म्हणजे... काही निघणार न्हाई. तुझ्यात काय निघायचंय?"

"काही निघावं म्हणून कुणीतरी शोधून राहिलंय, असं तुला माहीत आहे का?"

"मला कसं माहीत असंल?" वैजनाथ उठला. "चल, ऊन होईल."

तो भराभर पायऱ्या चढून गेला. गुडघा धरलेला माणूस असा चढत नाही, हे सरांच्या लक्षात आलं. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आपण आता वैजूचे गुडघे तपासायला लागलो.

पण संशय एकदा आत शिरला की साध्या साध्या गोष्टी वेगळ्या दिसायला लागतात. वैजनाथनं परवा विचारलं होतं, यासेरची बदली झाली का. का विचारलं? मागच्या महिन्यात त्यानं सरांच्या जुन्या संशोधनाची यादी मागून घेतली होती, कुठल्यातरी स्मरणिकेसाठी म्हणून. कुठली स्मरणिका? ती आजवर निघाली का? सर रोज नवं काहीतरी आठवायचे आणि रोज स्वतःला समजवायचे.

बुधवारी ते दिलशादच्या बहिणीला बसमध्ये बसवायला स्टँडवर गेले. मुखेडची गाडी सुटली आणि ते परत फिरले, तर स्टँडसमोरच्या हॉटेलात, आतल्या बाजूच्या टेबलाशी, वैजनाथ बसलेला. समोर राखाडी सफारीतला एक माणूस. काखेतली बॅग आता मांडीवर. माणूस काहीतरी सांगत होता आणि वैजनाथ मान हलवत होता. मग वैजनाथनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं हसले.

सर रस्त्याच्या कडेला उभे राहिले. ऑटोवाला हॉर्न वाजवत होता तेही त्यांना कळलं नाही. त्यांनी मोईजनं सांगितलेल्या खुणा आठवल्या. कपाळावर जुनी खोक, मिशी पांढरी पण भुवया काळ्या. तोच माणूस होता.

आत जाऊन विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. ते घरी आले, अंघोळ केली, नमाज पढले आणि संध्याकाळी चालत वैजनाथच्या घरी गेले.

उज्वलावहिनींनी दार उघडलं. "या भावजी, चहाच टाकून राहिले होते."

"चहा नको वहिनी. वैजूला बोलवा."

वैजनाथ बाहेर आला तसं सरांनी उभ्या उभ्याच विचारलं, "स्टँडवर तुझ्यासोबत कोण होतं?"

वैजनाथचा चेहरा उतरला. "रियाज, बस आधी."

"कोण होतं?"

"एक ओळखीचे हायेत. लातूरचे."

"ते माझ्या गल्लीत लोकांना विचारून राहिलेत की मी मशिदीत काय बोलतो. तू त्यांना ओळखतोस. मी घाटावर तुला सगळं सांगितलं तेव्हाही ओळखत होतास."

"हाव."

"कोण आहेत ते?"

"मी सांगू शकत न्हाई." वैजनाथ म्हणाला. "थोडे दिवस थांब. मी शब्द दिलाय. तुझ्या वाईटासाठी न्हाई रे ते."

"माझ्या चांगल्यासाठी माझ्या मागं माणूस लावलास?" सरांचा आवाज चढत नसे. तो आणखी खाली गेला. "तू माझ्या अम्मीच्या हातचं खाल्लंस. तिच्या मयतीला खांदा दिलास. मला वाटायचं, जगात कुणी माझ्याबद्दल काही बोललं तर तू आधी मध्ये पडशील. आज कळलं, तूसुद्धा त्यांच्यातलाच."

"त्यांच्यातला म्हणजे?"

"तुला समजलंय मी काय म्हणलो ते."

उज्वलावहिनी दारातच रडायला लागल्या.  सर जिन्याकडं वळले. ते एवढंच म्हणाले, "माझ्या घरी येऊ नको आता."

पुढचे दिवस वाईट गेले. सर फिरायला जाईनात. यासेरनं दाराला नवी कडी लावली. गल्लीत उघड कुणी काही बोललं नाही, पण सर आले की बोलणं बदलायचं. शेजारची बाई दिलशादकडून खीर घ्यायची, या वेळी तिनं सुनेला पाठवून 'आमच्याकडं सगळ्यांना साखर आहे' असा निरोप दिला. साहेबराव तेवढे पूर्वीसारखे होते. पण तेही सर गेले की जरा जास्तच मोठ्यानं म्हणायचे, "आवो, देवमाणूस हाय", जणू कुणीतरी उलट म्हणालं होतं.

आणि मग एका दुपारी फोन आला. लातूरहून, खुद्द कुलगुरूंचा.

"बागवान सर, अभिनंदन. विद्यापीठाचा यंदाचा 'मन्याडभूषण' सन्मान आपल्याला द्यायचं एकमतानं ठरलंय."

मन्याडभूषण हा विद्यापीठाचा सगळ्यात मोठा सन्मान. जे इथं शिकले किंवा ज्यांनी इथं शिकवलं, त्यांच्यातल्या एक-दोघांनाच वर्षाला मिळायचा. सरांच्या आठवणीत भूगर्भशास्त्राच्या माणसाला तो कधी मिळाला नव्हता. ते फोन कानाला धरून 'जी, जी' एवढंच म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर दिलशादला सांगितलं तर ती आधी रडली, मग हसली, मग तिनं दोन्ही हात वर करून दुवा मागितली.

सुमय्यानं बापाला मिठी मारली आणि मग तीच थबकली.

"अब्बा. तो सफारीवाला."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मग यासेर मोठ्यानं हसला. दिलशादही हसली. "या अल्लाह! सन्मानासाठी चौकशी करत होते, आणि आपण काय काय समजून बसलो!" तिचा सगळा भार उतरला होता. "जा, वैजूभाईंना घेऊन या. काय काय बोललात त्यांना."

सर उठले. चप्पल घातली. मग दारातच थांबले.

यंदा सन्मान दोघांना होता, हे कुलगुरूंनी फोनवर सांगितलं होतं. दुसरं नाव सुदर्शन नावाच्या डॉक्टरांचं, लातूरचे, विद्यापीठाचेच जुने विद्यार्थी. सरांची त्यांच्याशी ओळख होती. सरांनी आत येऊन डॉक्टरांना फोन लावला, अभिनंदन केलं, इकडचं तिकडचं बोलले आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "डॉक्टर, तुमच्याकडं कुणी चौकशीला आलं होतं का? शेजारीपाजारी वगैरे?"

"चौकशी? नाही हो सर. माझा बायोडाटा मागवला, फोटो मागवला, बस. का?"

"काही नाही. असंच."

सरांनी चप्पल काढून ठेवली.

वैजनाथ दुसऱ्या दिवशी स्वतःच आला. हातात पेढ्यांचा खोका, चेहऱ्यावर सुटका झाल्याचं हसू. "आता तरी आत घेशील का? तोंडाला कुलूप होतं रे माझ्या. निवड समितीवर हाय मी. नाव जाहीर होईस्तोवर घरातसुद्धा बोलायचं नव्हतं. तुझं नाव मीच सुचवलं."

सरांनी त्याला आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं. खोका टेबलावर तसाच राहिला.

"वैजू, एक सांग. चौकशी सगळ्या नावांची केली, का माझ्याच?"

वैजनाथचं हसू गेलं.

"डॉक्टरांची झाली नाही. मी विचारलंय," सर म्हणाले.

वैजनाथ खोक्यावरचा दोरा चाळवायला लागला. मग बोलला. बैठकीत सरांच्या कामाबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. पण एक सदस्य म्हणाले, नाव चांगलंय, पण हल्लीचे दिवस तुम्हाला माहीत आहेत, उद्या काही निघालं तर विद्यापीठाची अब्रू जाईल, जरा स्थानिक चौकशी करून घेतलेली बरी. बाकी कुणी बोललं नाही. विद्यापीठाचे सुरक्षा अधिकारी संगप्पा पूर्वी पोलिसात होते, त्यांना पाठवायचं ठरलं.

"आणि तू?"

"मी म्हणलो, करा."

"करा?"

"मला वाटलं, रियाजचं काय निघणार हाय? एकदा होऊन जाऊ द्या, म्हंजे कुणाचं तोंडच उघडणार न्हाई. मी विरोध केला असता तर म्हणले असते, मित्र हाय म्हणून झाकून राहिलाय. तुझं नाव गेलं असतं रे." त्यानं पेढ्यांचा खोका बाजूला सारला. "संगप्पांना तुझ्या गल्लीचा पत्ता मीच दिला. नांदेड त्यांना नवं होतं. मला वाटलं, तुला कळणार न्हाई."

"मला कळलं नसतं तर चाललं असतं?"

वैजनाथनं समोरचं पाणी उचलून पुन्हा खाली ठेवलं.

यासेर इतका वेळ आतल्या दारात उभा होता. तो बाहेर आला. "अब्बा, त्यांना कळवा. नको तुमचा सन्मान म्हणावं."

"माझ्याही मनात तेच आलं," सर म्हणाले.

"नाही." दिलशाद स्वयंपाकघरातून आली. तिनं पदरानं हात पुसले. "तुम्ही नाही म्हणालात तर गल्ली काय म्हणेल, विचार केलाय? चौकशी झाली आणि मग सन्मान मिळाला नाही, असंच म्हणतील. काहीतरी निघालं असेल म्हणतील. तुम्ही नाकारलात यावर कोण विश्वास ठेवणार? माझ्याकडची खीर परत गेलीय."

ते खरं होतं. घ्यावा तरी बोचत होता, नाकारावा तरी डाग राहत होता. सर डोकं धरून बसले. मग त्यांनी वैजनाथकडं पाहिलं.

"मी सन्मान घेतो. पण आधी संगप्पांना इथं घेऊन ये. ज्यांना ज्यांना त्यांनी विचारलं, त्या प्रत्येकाकडं जाऊन सांगायचं, कशासाठी विचारलं ते. त्यांनीच. आणि तू सोबत."

"रियाज, ते अधिकारी हायेत. असं कसं..."

"मग राहू दे."

शनिवारी वैजनाथ संगप्पांना घेऊन आला. या वेळी त्यांनी साधा पांढरा शर्ट घातला होता. माणूस वाईट नव्हता. सरांच्या पाया पडायला वाकला. "सर, मला जे शिकवलं होतं तसंच इचारलं. दुसरी रीत मला येत न्हाई. तुमच्याबद्दल एकानं पण वाईट सांगितलं न्हाई, ते मी तिथं सांगितलं." निलंग्याकडचा माणूस, बोलताना शब्द जरा कानडी वळणानं यायचे.

"ते मला नका सांगू," सर म्हणाले. "चला."

आधी साहेबराव. त्यांनी संगप्पांना ओळखलं आणि तराजूतला हातच काढून घेतला. संगप्पांनी सांगितलं, की ते विद्यापीठाचे, पोलीस नव्हेत, सरांना मोठा सन्मान मिळणार होता म्हणून आले होते. साहेबरावांना इतका आनंद झाला की त्यांनी बरणीतली मूठभर रेवडी काढून तिघांच्या हातावर ठेवली. "मी म्हणलो न्हवतो का! मला तर बूट बघूनच धसका बसला होता."

मग शेजारची बाई. मग चौकातला सलूनवाला. त्याला विचारलं होतं हे सरांना तोवर माहीतच नव्हतं. प्रत्येक ठिकाणी संगप्पा तेच बोलत होते आणि प्रत्येक ठिकाणी त्यांचा आवाज थोडा थोडा बारीक होत गेला. 

शेवटी मोईज. त्यानं मशीन थांबवली, सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला.

"साहेब, ज्यांना ज्यांना हा सन्मान मिळतो, त्या सगळ्यांच्या गल्लीत तुम्ही असंच विचारता? टेलरला, न्हाव्याला, त्याच्या बापाचं नाव काय म्हणून?"

संगप्पांनी वैजनाथकडं पाहिलं. दुकानासमोर तोवर सात-आठ माणसं जमली होती. सरांनीही वैजनाथकडं पाहिलं.

वैजनाथ एक पाऊल पुढं आला. "न्हाई," तो म्हणाला. "कुणाचंच असं विचारत न्हाईत. सरांचंच विचारलं. चुकलं ते. समितीत मी होतो आणि मी हो म्हणलो. माझं चुकलं."

एक बाई पदर तोंडाला लावून पुढं निघून गेली. मोईजनं चष्मा पुन्हा घातला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "बोललात, ते बरं झालं." त्यानं स्टुलावरचा गठ्ठा उचलून बाजूला ठेवला, पण बसा म्हणाला नाही, आणि कुणी बसलंही नाही.

रविवारी माडीवर मुलं आली. देगलूरचा आला नाही. त्याच्या बापानं त्याला दुसऱ्या क्लासला घातलं होतं.

सन्मानाचा कार्यक्रम लातूरला, विद्यापीठाच्या वर्धापनदिनी झाला. सभागृह भरलं होतं. किल्लारीकडची माणसं जीप करून आली होती. फेटा बांधलेले एक म्हातारे पुढं येऊन सरांना हात लावून बघत होते आणि शेजाऱ्याला सांगत होते, "आमच्या शिवारात हेच फिरत होते." मानपत्र वाचलं गेलं, शाल आली, टाळ्या झाल्या. सर पाचच मिनिटं बोलले. खडकाखालच्या पाण्याबद्दल बोलले, त्यांच्यासोबत हिंडलेल्या विद्यार्थ्यांची नावं घेतली. बाकी काही बोलले नाहीत. दिलशाद पहिल्या रांगेत होती. यासेर आला होता, पण टाळ्या वाजवताना त्याचं लक्ष व्यासपीठावरच्या खुर्च्यांकडं होतं, यातला चौकशी मागणारा कोण हे शोधत.

चहाच्या वेळी तो सदस्य स्वतःच सरांकडं आला. दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला.

"सर, आम्हाला तर पहिल्यापासून खात्री होती."

"खात्री होती, तर विचारलं कशाला?" सरांनी विचारलं. हात त्यांनी सोडवून घेतला नाही. ते गृहस्थ मोठ्यानं हसले. त्यांना ती थट्टा वाटली. सर हसले नाहीत तेव्हा ते इकडंतिकडं बघायला लागले आणि कुणीतरी हाक मारल्यासारखं करून निघून गेले.

परत येताना सर वैजनाथच्या गाडीत मागं बसले, शाल आणि मानपत्र त्यांनी पुढच्या सीटवर ठेवलं. घरची मंडळी यासेरच्या गाडीत पुढं गेली. अहमदपूर मागं पडलं तरी दोघं फारसं बोलले नव्हते. लोह्याला चहासाठी थांबले तेव्हा वैजनाथनं विचारलं, "अजून राग हाय का?"

सरांनी खरंच विचार केला. बशीतला चहा निवला.

"तू माझं नाव सुचवलंस ते मनापासून होतं, हे मला माहीत आहे. त्या दिवशी दुकानात बोललास, तेही सोपं नव्हतं," ते म्हणाले. "राग गेला. पण मघाशी तू फोनवर बोलत बाजूला गेलास ना, तेव्हा मी ऐकायचा प्रयत्न करत होतो. कुणाशी बोलून राहिलाय म्हणून."

"उज्वलाशी. पोचायला उशीर होईल म्हणून सांगत होतो."

"तेच असणार. तरी ऐकत होतो."

वैजनाथनं खिशातून फोन काढला आणि टेबलावर, दोघांच्या मध्ये ठेवला. सरांनी तो उचलून त्याच्या हातात परत दिला.

"नको वैजू. असं नको," ते म्हणाले. "थोडे दिवस जाऊ दे. उद्या सकाळी घाटावर ये."

"येतो."

"गुडघा खरंच दुखत होता का रे?"

"न्हाई," वैजनाथ म्हणाला. "तुझ्या तोंडाकडं बघवत नव्हतं."

दोघं उठले. बाहेर ऊन कलतं झालं होतं. सरांनी गाडीचं पुढचं दार उघडलं, सीटवर ठेवलेली शाल आणि मानपत्र उचलून मागं टाकलं, आणि ते वैजनाथच्या शेजारी जाऊन बसले.